मुल्कोवालची बाटली

देवी काढलेल्या मुलाच्या दंडावर आठव्या दिवशी फोड टरारून आला, अंगात ताप भरला आणि पोर रात्रभर किरकिरले, तरी घरातील वडील बायका घाबरून जात नसत. उलट ‘देवी चांगल्या उठल्या’ असे त्या समाधानाने म्हणत. फोड उठला नाही तर काळजी. कारण मग पुन्हा देवी काढणे आले. ज्यांचा जन्म १९७५ च्या पूर्वीचा आहे अशा या सभेतील बहुतेकांच्या दंडावर तो वण अजून असेल. लसीचा नेहमीचा उपद्रव आपल्या समाजाने किती सहजपणे घरात घेतला होता, याचे हे उदाहरण. परंतु हाच समाज कधी एका बातमीने असा बिथरतो, की वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास आठवड्याभरात आटून जातो. असे का होते, आणि त्या वेळी दोष नेमका कोणाचा असतो, हे पाहण्यासाठी मी आज एक जुने प्रकरण आपणापुढे ठेवणार आहे. ते घडले पंजाबात. पण त्याचे मूळ मुंबईत, परळच्या जुन्या राजभवनात होते.

श्रोतेहो, ‘लसीचा त्रास’ हा एकच शब्द आपण निरनिराळ्या गोष्टींना वापरतो आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो. लस अंगात गेली म्हणजे शरीर तिच्याशी झुंजते. त्या झुंजीमुळे ताप, अंगदुखी, टोचल्या जागी सूज, काखेत अवधाण हे प्रकार होतात व दोन-तीन दिवसांत ओसरतात. हा लसीचा स्वभावच होय. दुसरा त्रास विरळा, पण तोही लसीच्याच गुणधर्मातून येणारा. देवीच्या लसीने दहा लाखांत एखादे-दुसरे माणूस दगावत असे. पोलिओच्या तोंडाने द्यावयाच्या थेंबांनी काही लाखांत एखाद्या मुलाला प्रत्यक्ष पोलिओच होत असे. आणि कोणत्याही लसीनंतर दहा लाखांत एखाद्याला काही मिनिटांतच घुसमट होऊन रक्तदाब कोसळू शकतो. आज लस टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसवून ठेवतात ते यासाठी. लोक त्या अर्ध्या तासाला कंटाळतात, पण तो मोठ्या अनुभवाने ठरला आहे. तिसरा त्रास लसीचा नव्हेच. तो बाटलीचा, सुईचा, हाताचा. चौथा तर कोणाचाच नव्हे. लस टोचली नसती तरी तो त्या दिवशी झालाच असता. रोग्याला व त्याच्या माणसांना मात्र हे चारही सारखेच दिसतात, कारण चारही ‘टोचल्यानंतर’ घडलेले असतात. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दांतले अंतर मोजण्यातच या विषयाचा निम्माअधिक इतिहास गेला आहे.

तिसऱ्या प्रकाराचा अनुभव जगाला फार लवकर आला. हिंदुस्थानात पहिली देवी काढली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. लस बसऱ्याहून जहाजाने आली होती. त्या काळी बर्फाच्या पेट्या कोठल्या? लस ताजी ठेवण्याचा उपाय एकच होता : एका मुलाच्या फोडातील पू दुसऱ्याच्या दंडात, दुसऱ्याच्या फोडातील तिसऱ्याच्या. मुलांच्या दंडांची अशी साखळी करून लस गावोगाव नेली जाई. या पद्धतीने लाखो जीव वाचले यात शंका नाही. पण साखळीतील एखाद्या मुलाच्या रक्तात दुसराच रोग असला, तर तोही साखळीने पुढे जाई. १८६१ साली इटलीतील रिव्हाल्टा या गावी एका मुलाच्या फोडातील लस इतरांना टोचली गेली आणि चाळिसांहून अधिक मुलांना उपदंश झाला. लोकांनी शिव्या दिल्या त्या देवीच्या लसीला, आणि त्या बिचाऱ्या आईबापांना आपण तरी कोणत्या तोंडाने नावे ठेवावीत? पण दोष लसीचा नव्हता, साखळीचा होता. पुढे वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत रूढ झाली आणि ही भीती कायमची मिटली. आमच्याकडे काही काळ या वासराच्या लसीवरही धर्माच्या दृष्टीने कुरकूर झाली. पण तो विषय निराळा.

आता मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीचा ताप म्हणजे प्लेग असल्याचे निदान केले. पुढील काही महिन्यांत मुंबई ओस पडू लागली. पुण्यात काय झाले ते येथे सांगावयाची गरज नाही; घरझडत्या, कारंटीन, सामानाची होळी आणि २२ जून १८९७ ची ती रात्र आपणा सर्वांस ठाऊक आहे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले याच साथीत, रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या. मला लक्ष वेधावयाचे आहे ते त्या वेळच्या वातावरणाकडे. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. इस्पितळात माणसांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून ‘मोमियाई’ काढतात, अशी वदंता होती. सरकार जबरदस्तीने घरात शिरते, बायकांना रस्त्यात तपासते, आणि तेच सरकार आता सुई घेऊन दाराशी आले आहे, अशा स्थितीत लसीविषयी लोकांनी शांत डोक्याने विचार करावा ही अपेक्षाच चमत्कारिक. आज आपण त्या अफवांना हसतो. पण अफवेला जमीन लागते, आणि ती जमीन सरकारी अरेरावीने चांगली नांगरून ठेवली होती.

या गदारोळात एक परका मनुष्य मुंबईत येऊन दाखल झाला. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथे १८६० साली जन्मलेला ज्यू. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, वैद्यकाची पदवी त्याच्याजवळ नव्हती, हे पुढे त्याला फार जड गेले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम त्याला ग्रंथालयात साहाय्यकाची जागा मिळाली. तेथेच त्याने पटकीची लस तयार केली व १८ जुलै १८९२ रोजी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार माणसांना त्याने ती लस टोचली. प्लेग फुटल्यावर सरकारने त्याला मुंबईस पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व एक व्हरांडा एवढी त्याची प्रयोगशाळा.

त्याने लस कशी केली ते ऐकण्यासारखे आहे, कारण पुढचा वाद त्यावर फिरतो. मांसाच्या अर्काने भरलेल्या काचेच्या चंबूत तो प्लेगचे जंतू सोडी व वर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवी. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. गुहेच्या छताला चुनखडीचे खांब लोंबतात तसे. काही आठवडे अशी वाढ झाल्यावर चंबू तापवून जंतू मारावयाचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालावयाचे. मेलेल्या जंतूंचा हा काढा म्हणजे प्लेगची लस. हिंदूंच्या भावना लक्षात घेऊन अर्कासाठी बकऱ्याचे मांस वापरले जाई. तूप आणि बकरा या दोन आपल्या ओळखीच्या वस्तूंतून ही विद्या उभी राहिली, याची मला नेहमी मौज वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही दहा घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना द्यावयाच्या मात्रेच्या तिपटीहून अधिक. त्याला सणसणून ताप भरला, टोचलेली जागा ठणकू लागली. दोन दिवसांत तो सावरला आणि कामाला लागला. लस घेतल्यावर किती त्रास होतो हे त्याने प्रथम स्वतःच्या अंगावर मोजले, आणि ते लपवले नाही. प्लेगच्या लसीने ताप येतोच, एक-दोन दिवस काम बुडते, असे तो उघड सांगे. हातावर पोट असलेल्या माणसाला दोन दिवसांची मजुरी बुडणे ही काही लहान गोष्ट नव्हती, आणि लसीविषयी नाखुषीचे ते एक खरेखुरे कारण होते. इतिहास लिहिणारे अफवांची पानेच्या पाने भरतात, पण या बुडालेल्या मजुरीचा उल्लेख फारसा करीत नाहीत.

त्याच जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, त्याहून थोड्या अधिकांनी घेतली नाही. कैद्याच्या ‘स्वेच्छे’ला कितपत किंमत द्यावी हा प्रश्न आज आपण विचारू आणि तो विचारलाच पाहिजे; त्या काळी कोणी विचारला नाही. टोचलेल्यांपैकी काहींना त्याच दिवशी प्लेगची लक्षणे दिसली. म्हणजे रोग त्यांच्या अंगात आधीच होता. लस केवळ त्या दिवशी आली. मी चौथा प्रकार म्हणून जो सांगितला तो हाच. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दगावला कोणी नाही.

हाफकिनचे खरे मोठेपण मला या हिशेबाच्या शिस्तीत दिसते. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी त्याने प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस टोचली व निम्म्यांना नाही. एकच घर, एकच हवा, एकच अन्न. फरक फक्त सुईचा. पुढे ज्या २८ कुटुंबांत रोग शिरला, त्यांतील न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ जणांना प्लेग झाला व २६ मेली. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला व ३ मेली. आकडे लहान आहेत. पण लस पूर्ण अभेद्य नाही आणि तरी ती केवढी मोठी ढाल आहे, या दोन्ही गोष्टी त्यांत स्पष्ट दिसतात. आगाखानांनी आपले ‘खुश्रू लॉज’ हाफकिनला वापरावयास दिले आणि त्यांच्या खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या राजभवनात प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. ज्या दालनात मेजवान्या होत तेथे तुपाचे चंबू मांडले गेले.

१९०२ साली प्लेग पंजाबात थैमान घालीत होता. तेथील सरकारने लाखो लोकांना लस टोचण्याचा घाट घातला आणि परळकडे लसीची एवढी मागणी आली, की जुन्या सावकाश पद्धतीने ती पुरी होणे अशक्य. तेव्हा हाफकिनने कृतीत बदल केला. अर्काऐवजी आगर या घट्ट पदार्थावर जंतू वाढवावयाचे, ते पाण्यात खरवडून घ्यावयाचे व तापवून मारावयाचे. कार्बोलिक ॲसिड वगळावयाचे. पाश्चर संस्थेत ही रीत चालू होती. बदल शास्त्राला धरून होता. पण घाई होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गुजरात जिल्हा म्हणजे आपला गुजरात नव्हे. पंजाबातला, आज पाकिस्तानात असलेला. त्या जिल्ह्यातील मुल्कोवाल या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी लस टोचणारे पथक आले. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतील एका बाटलीवर ‘५३ एन’ अशी खूण होती. ती परळ येथे ४१ दिवसांपूर्वी भरलेली. त्या बाटलीतून १९ जणांना टोचले गेले. साधारण आठवडा लोटला आणि त्या एकोणीस माणसांचे जबडे आखडू लागले. पाठ धनुष्यासारखी वाकली. धनुर्वात! त्यावर त्या काळी खरा उपाय नव्हता. एकोणीसच्या एकोणीस माणसे मरण पावली. उरलेल्या चार बाटल्यांतून ज्यांना टोचले, त्यांतील कोणालाही धनुर्वात झाला नाही.

पंजाबात आधीच बोलले जात होते, की सुई हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, किंवा मेला नाही तर त्याचे पुरुषत्व जाते. आता अफवेला एकोणीस प्रेतांचा पुरावा मिळाला. लसीकरण तेथे जवळजवळ बसलेच.

सरकारने चौकशी मंडळ नेमले. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स, सोबत दोन लष्करी डॉक्टर. १९०३ मध्ये त्यांनी निर्णय दिला : बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले होते. कार्बोलिक ॲसिड वगळण्याकडेही बोट दाखवले गेले. हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला. रशियन, ज्यू, डॉक्टर नसलेला, आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या बिरादरीबाहेरचा : दोष ठेवावयाला याहून सोयीचा माणूस मिळणे कठीण होते. फ्रान्समध्ये ड्रायफसवर गुदरले तसेच याच्यावर गुदरले, असे पुढे म्हटले गेले. मंडळाचे सभासद जाणूनबुजून अन्यायी होते असे मी म्हणणार नाही. तसे मानावयाला आधार नाही. पण प्रश्नाचे सोयीचे उत्तर समोर दिसले की त्यापलीकडे पाहण्याचा उत्साह माणसाला उरत नाही, आणि तो येथेही उरला नाही.

साक्षीपुरावे १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले तेव्हा जाणत्यांचे डोळे उघडले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला, तो त्याने औषधी पाण्यात जेमतेम हिसळला आणि त्यानेच बूच काढले, अशी साक्ष झालेली होती! मंडळाने तिला महत्त्व दिले नव्हते. धनुर्वाताचे बीजाणू कोठे असतात? मातीत, शेणात, गुरांच्या वाटेवर. पंजाबातल्या खेड्याची जमीन म्हणजे त्यांचे माहेरघर. आणि हे बीजाणू इतके चिवट, की साध्या हिसळण्याने ते मरत नाहीत. कार्बोलिकच्या ज्या सौम्य प्रमाणासाठी एवढा गहजब झाला, त्या प्रमाणाने तर त्यांचे काहीच बिघडत नाही.

मलेरियाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हाफकिनची बाजू उचलून धरली. त्यांच्या व इतर जंतुशास्त्रज्ञांच्या विवेचनातील दोन मुद्दे इतके सुटसुटीत आहेत, की ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. पहिला मुद्दा वासाचा. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत ४१ दिवस वाढले असते तर त्या बाटलीला असह्य दुर्गंधी आली असती. बाटली उघडताना असा काही वास आल्याची नोंद नव्हती. दुसरा मुद्दा दिवसांचा. ४१ दिवसांत बाटलीत जंतूंचे विष साठले असते, आणि तयार विष अंगात गेले असते तर लक्षणे एक-दोन दिवसांतच दिसली असती. प्रत्यक्षात ती आठवड्याने दिसली. म्हणजे अंगात गेले ते मोजके बीजाणू. ते तेथे रुजले, वाढले आणि मग त्यांनी विष केले. याचाच अर्थ, ते बाटलीत नुकतेच, बहुधा उघडतानाच, पडले होते.

असा हा न्याय नाकाने आणि दिनदर्शिकेने केला; पण त्याला यावयास पाच वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र आले, की हाफकिनवरील आरोप स्पष्टपणे खोटा ठरला आहे. त्याच वर्षी सरकारने त्याला पुन्हा नोकरी देऊ केली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हाफकिनला दोषमुक्त करण्याच्या भरात अनेक लेखकांनी सारा दोष त्या मदतनिसाच्या माथी मारला आहे. मला हे पटत नाही. दिवसाला शंभर-शंभर माणसे उघड्यावर टोचावयाची, उकळत्या पाण्याची सोय बेताची, वरून आकडा पुरा करण्याचा तगादा, आणि एकेका बाटलीत वीस-वीस माणसांची मात्रा. अशा व्यवस्थेत आज ना उद्या कोणाच्या तरी हातून चिमटा पडणारच होता. प्रश्न तो पडला तर काय करावयाचे हे ठरलेले होते की नाही, हा होता.

गंमत अशी, की याच सुमारास अमेरिकेत असेच घडले. ऑक्टोबर १९०१ मध्ये सेंट लुईस शहरात घटसर्पावर देण्यात येणाऱ्या घोड्याच्या रक्तरसात धनुर्वाताचे विष निघाले आणि १३ मुले दगावली. ज्या घोड्याचे ते रक्त होते त्यालाच धनुर्वात झालेला होता. तेथेही माणसांना दोष दिला गेला, नोकऱ्या गेल्या. पण त्याबरोबर १९०२ साली असा कायदा झाला, की अशी औषधे करणाऱ्यांनी परवाना घ्यावा व सरकारने त्यांची तपासणी करावी. आमच्याकडे एका माणसाला घालवण्यात आले. दोन सरकारांच्या स्वभावातला हा फरक मला बोलका वाटतो.

पुढेही असे प्रसंग आले. १९३० साली जर्मनीतील ल्युबेक शहरात क्षयाच्या बी.सी.जी. लसीने सत्तरांहून अधिक तान्ही मुले गेली. चौकशीत निघाले, की तेथील प्रयोगशाळेत लसीच्या निरुपद्रवी जंतूंत क्षयाचे खरे जंतू मिसळले होते. लस निर्दोष ठरली, डॉक्टरांना शिक्षा झाली. १९५५ साली अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेले, सुमारे दोनशे मुले अपंग झाली व दहा मृत्यू झाले. पोलिओची लस त्यामुळे टाकून दिली गेली नाही, कारखान्यांवरची देखरेख कडक झाली. प्रत्येक वेळी प्रश्न तोच : लस, बाटली, की हात? अलीकडे २०२१ मध्ये करोनाच्या काही लसींनंतर रक्तात गुठळ्या होण्याचे अतिविरळ प्रकार आढळले. ते मात्र बाटलीचे नव्हते, लसीचेच होते; तपासून तसे जाहीर झाले आणि काही देशांनी त्या लसी तरुणांना देणे थांबवले. आज शासकीय भाषेत या साऱ्याला ‘लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना’ असे लांबलचक नाव आहे, व अशा प्रत्येक गंभीर घटनेची नोंद करून ती कोणत्या प्रकारात बसते ते ठरवण्यासाठी जिल्ह्यापासून केंद्रापर्यंत समित्या आहेत. नाव कंटाळवाणे आहे. पण मुल्कोवालला अशी नोंद व अशी समिती असती, तर वास आला का, हा प्रश्न कोणीतरी पहिल्याच आठवड्यात विचारला असता.

आणि या विलंबाची किंमत? एकट्या १९०७ या वर्षी हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांच्या आसपास माणसे मेली. त्यांतील सहा लाखांवर पंजाबातील. ज्या प्रांतात लसीची सर्वांत अधिक गरज होती, त्याच प्रांतात तिचे नाव निघताच लोक दारे लावून घेत होते. यांतील किती माणसे लसीने वाचली असती, हा हिशेब कोणालाही नेमका करता येणार नाही. पण उंधेऱ्याच्या त्या २८ घरांचे आकडे डोळ्यांसमोर ठेवले की मन अस्वस्थ होते. एकोणीस मृत्यूंची चौकशी मंडळाने केली. या दुसऱ्या मृत्यूंची चौकशी झाली नाही, कारण ते लस न घेतल्याने झाले होते, आणि न टोचलेल्या सुईवर कोणी खटला भरीत नाही.

परळच्या प्रयोगशाळेचे काम मात्र चालू राहिले. १८९७ ते १९२५ या काळात तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या. स्वतः हाफकिन हिंदुस्थानात परत आला तो मुंबईस नव्हे, कलकत्त्यास. परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती. कलकत्त्यात त्याला प्रयोगशाळा मिळाली, पण माणसांवर लसीचे नवे प्रयोग करण्याची मुभा मिळाली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो निवृत्त होऊन युरोपात गेला आणि उर्वरित आयुष्य त्याने बहुतांशी आपल्या ज्यू धर्मबांधवांच्या कामात घालवले. १९२५ साली परळच्या संस्थेला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव देण्यात आले. ती वार्ता कळवणाऱ्या पत्राला त्याने आभाराचे उत्तर पाठवले व मुंबईतल्या कामात आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे गेली असे लिहिले. मुल्कोवालनंतरच्या वर्षांविषयी फारसे बोलणे त्याने टाळले. १९३० च्या ऑक्टोबरात लोझान येथे तो वारला, मुल्कोवालला ती बाटली उघडली गेली त्याला अठ्ठावीस वर्षे पूर्ण व्हावयास चार दिवस उरले असताना.